घरातली तोटी आणि तिचा हप्ता

सावद्याच्या केळीवाल्याला थंडावा आणि वायू यांचं नातं शिकवावं लागत नाही. कच्ची केळी रेल्वेने दिल्लीकडे निघाली की वाटेतल्या उन्हाचा हिशेब, रायपनिंग चेंबरमध्ये गेली की इथिलीनचा हिशेब, हे इथे पोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या एका तरुण बागाईतदाराने घरच्या छोट्या बारला ड्राफ्ट बिअरची तोटी बसवायची ठरवली, याचं मला नवल वाटलं नाही. अंदाजपत्रक घेऊनच तो आला. "काका, तुम्ही जन्मभर कर्जप्रकरणं तपासलीत. स्वस्तात बसतंय ना, तेवढं बघा."

कागद नीटनेटका होता. जुना फ्रिज आणि त्याला बाहेरून थर्मोस्टॅट. आत बिअरचं स्टीलचं पिंप, म्हणजे केग. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, दोन-तीन मीटर नळी आणि तोटी. बिअर ३-४ अंशांवर, वायूचा दाब चौरस इंचाला १०-१२ पौंड. बिअर कोमट झाली किंवा नळी आखूड पडली, तर पेल्यात नुसता फेस. सिलिंडर मात्र उभा, बांधलेला आणि हवेशीर जागीच हवा. हा वायू हवेपेक्षा जड. बंद खोलीत गळला तर जमिनीलगत साचतो, आणि जमिनीवर मुलं खेळत असतात. एवढी काळजी घेतली तर जुन्या सामानामुळे उभारणीचा खर्च खरोखरच कमी होता.

पण बँकेत आम्ही उभारणीनंतर खेळत्या भांडवलाचं पान उलटायचो, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच लंगडायची. ३० लिटरचं पिंप म्हणजे ६५० मिलिलिटरच्या ४६ बाटल्या. वायूच्या दाबाखाली आणि थंड राहिलं तर ते काही आठवडे टिकतं. वायूचा खर्च वाचवायला हातपंप लावला, तर आत हवा शिरून एक-दोन दिवसांत चव उतरते. दर पंधरवड्याला नळी धुवायची ती वेगळीच. शिवाय जळगाव जिल्ह्यातला मे महिना, पारा ४५ वर आणि वीज गेलेली! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

तरी पैशांचं सोडा. न उघडलेली बाटली महिनाभर पडून राहिली तरी तक्रार करीत नाही. पिंप एकदा उघडलं की ते रोज वसुलीला येतं. वाया जाऊ नये म्हणून आज एक पेला, उद्या दोन. हा हप्ता रुपयांत नसतो, पेल्यांत असतो. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली. तिथे ताजी बिअर संपवायला गिऱ्हाइकांची रांग असते. घरात ती जबाबदारी एकट्या कर्त्या पुरुषावर येते आणि काटकसरीच्या नावाखाली सवय लागते.

कायदाही विसरू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो आणि बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. विनापरवाना घरी बिअर बनवणं हा तर गुन्हाच. पिंप आणण्याआधी उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीची पायरी चढणं बरं.

याच राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करावं की नाही, यावर बायका मतदान करतात. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दुकान बंद होतं. मी त्या तरुणाला विचारलं, "घरात असं मतदान झालंय का रे?" तो नुसताच हसला.

मी काही सोवळा नाही. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी थंड बिअर मलाही गोड लागते. पण तिच्यासाठी फ्रिजातली एक बाटली पुरे. बाटलीला बूड असतं, ते दिसलं की माणूस उठतो.

तोटीची हौसच असेल तर तिलाही वाट आहे. तोच फ्रिज, तोच सिलिंडर. वायू खाद्य दर्जाचा घ्यावा, रिकाम्या स्वच्छ पिंपात गार पाणी भरावं आणि दाब वाढवावा. झाला घरचा सोडा! त्यात लिंबू पिळा, कैरीचं पन्हं घाला. परवाना नको, वयाची अट नको, उरला तर हळहळ नको. आजीपासून नातीपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस जिच्याखाली पेला धरू शकतं, त्या तोटीचं प्रकरण मी डोळे झाकून मंजूर करीन.