वेग हीच योग्यता काय?

परीक्षेचा निकाल लागला कीं पुष्कळ घरांतून मुलांविषयींचा कायमचा निवाडा होऊन जातो. झटपट उत्तर देणारा तो हुशार, वेळ लावणारा तो मंद! सोळाव्या वर्षीं झालेला हा निवाडा पुढें सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. आमच्या मतें ही रीति अन्यायाची तर आहेच, पण हिशेबालाही चुकीची आहे. याचा दाखला म्हणून एका अमेरिकन खेळाडूची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

बेसबॉलमधील पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजच. मात्र तो चेंडू टप्पा न पाडतां थेट फेंकतो, आणि सामन्याचें यश अगर अपयश एका पिचरच्या नांवें मांडतात. त्याची पारख प्रथम वेगावरून करावयाची, अशी तिकडील चाल आहे. ताशीं नव्वद मैलांहून अधिक वेगानें फेंकणारा तरुण दिसला कीं सगळे संघ त्याच्यामागें लागतात. पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत १९६२ सालीं जन्मलेल्या जेमी मोयरचा चेंडू मात्र जेमतेम ऐंशीच्या पुढें जाई.

१९८६ सालीं तो शिकागो कब्स संघांतून वरिष्ठ स्पर्धेंत उतरला. तेथून टेक्सास, तेथून सेंट लुई, असा तो दारोदार हिंडला. १९९१ अखेर ३४ विजय व ५४ पराजय, एवढीच त्याची शिल्लक होती! १९९२ च्या आरंभीं शिकागोच्या संघानें त्यास पुन्हां घेऊन पाहिलें आणि रजा दिली. वर, आतां खेळणें सोडून शिकविण्याचें काम पत्कर, असेंही सुचविलें. त्यानें तें नाकारिलें. तें वर्ष त्यानें कनिष्ठ स्पर्धेंत काढलें. मग तीन हंगाम बाल्टिमोर, कांहीं महिने बॉस्टन, आणि १९९६ च्या जुलै महिन्यांत, तेहतिसाव्या वर्षीं, सिअ‍ॅटल.

येथें त्याचें दैव उघडलें असें लोक म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मोयरचें मुख्य अस्त्र ‘चेंजअप’ हा चेंडू. हात नेहमींच्याच जोरानें फिरतो, पण चेंडू मागें रेंगाळतो, आणि फलंदाज आधींच दांडू फिरवून बसतो. याचें मर्म वेगांत नसून दोन चेंडूंच्या वेगांतील अंतरांत आहे. ज्याचा जलद चेंडूच सावकाश, त्यास हा त्याहूनही सावकाश टाकावा लागतो, आणि तो हव्या त्या कोपऱ्यावर नेमका पडावा लागतो. यास मोठी छाती लागते. हार्वी डॉर्फमन या क्रीडामानसशास्त्रज्ञाची त्यास यांत फार मदत झाली.

कोणी म्हणेल, ही चिकाटीचीच जुनी गोष्ट. पण चिकाटी पहिल्या सहा वर्षांतही होतीच कीं! आमच्या समजुतीप्रमाणें उणें होतें तें दुसरेंच. आपला सावकाशपणा ही लाज नसून भांडवल आहे, हें त्यास उमगावयास हवें होतें. आणि एखादा सामना गेला तरी पुढच्या पाळीस चेंडू पुन्हां त्याच्याच हातीं देणारा संघही हवा होता. सिअ‍ॅटलनें हें अकरा हंगाम केलें. तेथें त्यानें १४५ सामने जिंकले. २००१ सालीं २०, आणि चाळिशी उलटल्यावर २००३ सालीं २१. त्याच्या एकूण २६९ विजयांपैकीं २३५ वयाच्या तिसाव्या वर्षानंतरचे आहेत. पालकांनीं ही वजाबाकी एकवार स्वतः करून पाहावी.

दुसरी बाजू लपविणें मात्र बरें नव्हे. त्याच्या चेंडूंवर ५२२ होमरन मारले गेले. इतके दुसऱ्या कोणाही पिचरवर मारले गेलेले नाहींत. शिवाय प्रत्येक हिंडत्या खेळाडूस सिअ‍ॅटल भेटतें असेंही नाहीं. बहुतेकांची गोष्ट १९९२ सालींच संपते, आणि ती कोणी लिहीत नाहीं.

२००८ सालीं फिलाडेल्फियाच्या अजिंक्य संघांत तो होता. पुढें कोपरावर शस्त्रक्रिया झाली, एक हंगाम वायां गेला. १७ एप्रिल २०१२ रोजीं कोलोरॅडोकडून खेळतांना, ४९ वर्षें व १५१ दिवस वयाचा असतां, त्यानें सॅन दिएगोच्या संघास हरविलें. एवढ्या वयाच्या पिचरनें वरिष्ठ स्पर्धेंत सामना जिंकल्याचें त्यापूर्वीं घडलें नव्हतें. त्या दिवशीं त्याचा एकही चेंडू ताशीं ऐंशी मैलांपर्यंत पोहोंचला नाहीं.