बीजे की एएफएमसी?

'नीट'चा निकाल लागला, की माजी सैनिक अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीतल्या गुणवंतापुढेही पुण्यातलीच दोन नावे येतात: बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच एएफएमसी. पदवी दोन्हीकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. फरक पुढे आहे. एएफएमसीत शिक्षण शुल्क नाही. पण 'नीट'नंतर मुलाखत, शारीरिक तपासणी आणि पदवीनंतर लष्करी सेवा, अल्पकालीन कमिशन मिळाले तरी 7 वर्षांची. बीजेत शुल्क भरावे लागते, ससूनमध्ये भरपूर रुग्ण पाहायला मिळतात आणि शासकीय सेवेचा बाँड 1 वर्षाचा असतो. सही करण्याआधी घरात एकच प्रश्न विचारावा: पंचविशीत नेमणूक कुठे होणार हे लष्कर ठरवेल, हे मुलाला मनापासून मान्य आहे का? नसेल, तर ते शिक्षण फुकट नाही.