नेम तोफेचा, फिरकी पृथ्वीची

संरक्षण मंत्रालयाने २६ मार्च २०२५ रोजी ३०७ स्वदेशी 'एटॅग्ज' तोफा व त्या ओढणाऱ्या वाहनांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार केले. पुण्यातील 'एआरडीई'ने विकसित केलेल्या या तोफेने २०१७ मध्ये पोखरण येथे ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला होता. पल्ला वाढला की गोळा हवेत अधिक काळ राहतो आणि तेवढ्या वेळात त्याच्याखालची पृथ्वी फिरत राहते. नेम चुकण्याचे हे एक कारण अनेकदा दुर्लक्षित राहते.

यवतमाळ जिल्ह्यातील नेर सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील जमीन ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते. समजा, तेथून ४५ अंशांच्या कोनात ४८ किलोमीटरवर मारा केला. हवेचा अडथळा वगळल्यास गोळा सुमारे ९९ सेकंद हवेत राहील. पूर्वेकडे डागलेला गोळा सुमारे २१५ मीटर पुढे पडेल, पश्चिमेकडचा तेवढाच अलीकडे. दक्षिणेकडे डागलेला सुमारे २३० मीटर उजवीकडे वळेल. उत्तरेकडचा मात्र जेमतेम १३ मीटर. उत्तर गोलार्धात गोळा उजवीकडे वळतो, हा पाठ्यपुस्तकी नियम विदर्भात असा अपुरा पडतो. गोळा वर चढताना आणि खाली येताना पश्चिमेकडे मागे पडतो. विषुववृत्ताजवळ हा परिणाम प्रबळ असतो.

उपग्रहाच्या मार्गदर्शनावर चालणारे गोळे असताना हे गणित हवे कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर युक्रेनच्या रणभूमीने दिले. रशियाने उपग्रहसंकेतांत अडथळे आणताच अमेरिकी 'एक्सकॅलिबर' गोळ्यांची अचूकता घसरली. शिवाय असे गोळे महागडे असतात. दीर्घ युद्धात भिस्त साध्या गोळ्यांवरच राहते आणि त्यांना उड्डाणात दिशा बदलता येत नाही. सारी दुरुस्ती डागण्यापूर्वीच करावी लागते.

वाऱ्यामुळे होणारी चूक याहून मोठी असू शकते. परंतु वारा दर वेळी मोजावा लागतो. पृथ्वीची फिरकी आधीच ठाऊक असते. ठाऊक असलेली चूक दुरुस्त न केल्यास दोनशे मीटरवरची वस्ती लक्ष्य ठरू शकते. म्हणूनच नवी तोफ स्वीकारताना तिच्या पोलादाइतकेच नेम साधणाऱ्या संगणकप्रणालीकडे आणि देवळालीच्या तोफखाना विद्यालयातून घडणाऱ्या जवानांच्या गणिताकडेही लक्ष पुरवायला हवे.