नोंदी वाढल्या, पडताळणीचे काय?

विशेष प्रतिनिधी

पोलीस ठाण्यातील उपनिरीक्षकाच्या हाताशी आज जेवढी माहिती असते, तेवढी तीस वर्षांपूर्वी पोलीस आयुक्तांच्याही हाताशी नव्हती. देशातील सतरा हजारांहून अधिक पोलीस ठाणी जोडणारे 'सीसीटीएनएस'चे जाळे, वाहने व चालक परवान्यांच्या 'वाहन' आणि 'सारथी' या राष्ट्रीय नोंदवह्या, बोटांच्या ठशांसाठी 'नाफीस', चोरीस गेलेल्या मोबाइलसाठी 'सीईआयआर', सायबर भामट्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली संशयितांची नोंदवही... यादी आणखी लांबवता येईल. गुन्हा उघडकीस आल्यावर होणाऱ्या पत्रकार परिषदेत 'तांत्रिक तपासाच्या आधारे आरोपीस ताब्यात घेण्यात आले' हे वाक्य आता ठरूनच गेले आहे. या वाक्यानंतर सहसा पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, हे गुन्हे वार्ताहरांना अनुभवाने ठाऊक झालेले असते.

तो प्रश्न मात्र विचारायला हवा. ही माहिती कोणी भरली, ती बरोबर आहे काय, ती कोणी पाहिली आणि न्यायालयात ती टिकेल काय, याची पडताळणी करणारी यंत्रणा माहिती गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या मानाने फारच दुबळी राहिली आहे.

नोंदवहीचे सामर्थ्य मुंबईने संगणकाचे जाळे येण्यापूर्वीच पाहिले आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर वरळीत एक मारुती व्हॅन बेवारस आढळली. आत शस्त्रास्त्रे होती. वाहनाच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या अल हुसैनी इमारतीतील मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोहोचले. २५७ जणांचा बळी घेणाऱ्या कटाचा पहिला मोठा धागा परिवहन कार्यालयातील एका नोंदीने दिला. आजच्या 'वाहन' प्रणालीचा तेव्हा पत्ताही नव्हता.

पंधरा वर्षांनी मालेगावातही तपास एका वाहनापाशीच येऊन थांबला. २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात सहा जण ठार झाले. घटनास्थळी सापडलेली मोटारसायकल हा दहशतवादविरोधी पथकाच्या तपासाचा कणा होता. चॅसी क्रमांक खोडलेला असल्याने न्यायसहायक प्रयोगशाळेची मदत घेण्यात आली आणि नोंदणीवरून मालकापर्यंत पोहोचल्याचा दावा झाला. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा हाच कणा मोडला. चॅसीचा अनुक्रमांक पूर्णपणे मिळवता आला नाही, वाहनाची मालकी निर्विवादपणे सिद्ध झाली नाही, इतकेच नव्हे तर स्फोटके त्या वाहनात होती हेही अभियोग पक्षास सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने नमूद केले. या निकालाविरुद्ध पीडितांच्या नातेवाइकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. निकालाच्या राजकीय पडसादांची चर्चा पुष्कळ झाली. मृतांच्या कुटुंबीयांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब मात्र मागे पडली. ती म्हणजे, नोंदवही धागा देते. पुरावा तपास अधिकाऱ्यालाच उभा करावा लागतो. १९९३ च्या तपासात नोंदणी ही सुरुवात होती, तिच्यापुढे जप्ती, कबुलीजबाब, साक्षीदार यांची मोठी साखळी उभी राहिली. जिथे सगळा भार एका नोंदीवर टाकला जातो, तिथे एक अंक पुसट निघाला तरी डोलारा कोसळतो.

संगणकीय नोंदींच्या बाबतीत कायदा याहून काटेकोर आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निर्वाळा दिला की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट आणखी कडक केली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. शिवाय नोंदीत फेरफार झालेला नाही हे दाखवणारे 'हॅश' मूल्यही द्यावे लागते. तालुक्याच्या ठाण्यातील अधिकाऱ्याने मोबाइल कंपनीकडून आलेल्या कॉलच्या तपशिलाची छापील प्रत दोषारोपपत्रास नुसती टाचून दिली, तर बचाव पक्षाच्या वकिलास फारसे श्रम पडणार नाहीत.

मुळात नोंद जन्माला येते ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. 'सीसीटीएनएस'ला २००९ साली दोन हजार कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याआधीही २००४ पासून 'सिपा' नावाची प्रणाली काही ठाण्यांत होतीच. यंत्रे आली, वाहिन्या आल्या, पण स्टेशन डायरी, बंदोबस्त, पंचनामे आणि तक्रारदारांची रांग सांभाळणाऱ्या हवालदारानेच रात्री उशिरा माहितीचे रकाने भरायचे असतात. रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडत नाही म्हणून काहीतरी भरले जाते. शोध घेणाऱ्या दूरच्या अधिकाऱ्यास ते 'काहीतरी'च सत्य म्हणून दिसते.

नावांचा घोळ तर आपल्याकडे पाचवीला पुजलेला. मराठीत लिहिलेला 'क्षीरसागर' इंग्रजी नोंदीत चार तऱ्हांनी उतरतो. चव्हाण सीमा ओलांडून चौहान होतो. गोव्यात पोर्तुगीज वळणाने लिहिलेला शेट्ये आणि सिंधुदुर्गात लिहिलेला शेट्ये यांची पहिली अक्षरेच वेगळी. वडिलांचे नाव मधे घालण्याची महाराष्ट्राची रीत उत्तरेकडील प्रणालीत बसत नाही. परिणाम दुहेरी होतो. सराईत गुन्हेगार निसटतो, आणि नावसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाला ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

नावावर विसंबण्याची सर्वांत मोठी किंमतही मुंबईनेच मोजली. दाऊद गिलानी याने २००६ साली अमेरिकेत अधिकृतपणे नाव बदलून डेव्हिड हेडली हे नाव घेतले, ताडदेवला व्हिसा सल्लागाराचे कार्यालय थाटले आणि २००८ च्या हल्ल्याच्या लक्ष्यांची वारंवार पाहणी केली. हल्ल्यानंतर मार्च २००९ मध्ये तो पुन्हा भारतात येऊनही गेला. व्हिसा, विमानप्रवास, हॉटेल, दूरध्वनी अशा त्याच्या खुणा वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत पडून होत्या. त्या एकत्र पाहता याव्यात म्हणून तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी डिसेंबर २००९ मध्ये 'नॅटग्रिड'ची कल्पना मांडली. पुढे दशकभर ती कल्पना कागदावरून यंत्रावर उतरण्यासाठी धडपडत राहिली.

नाव बदलता येते, बोटांवरच्या रेषा बदलत नाहीत. या साध्या सत्यावर उभे राहिलेले अंगुलिमुद्रा केंद्र १८९७ साली कोलकात्यात सुरू झाले. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय उपनिरीक्षकांनी वर्गीकरणाची जी पद्धत बसवली, ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली आणि १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात पोहोचली. श्रेय कोणास मिळाले हा वेगळा विषय! ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालेली 'नाफीस' ही तिचीच संगणकीय वारसदार. अटक झालेल्या व्यक्तीला त्यात दहा अंकी क्रमांक मिळतो. त्याआधी एप्रिलमध्येच मध्य प्रदेश पोलिसांनी या प्रणालीच्या आधारे एका अनोळखी मृताची ओळख पटवली होती. एका राज्यात चोरी करून दुसऱ्यात दडणाऱ्या टोळ्यांसाठी हे खरोखरीचे संकट आहे, यात शंका नाही. महाराष्ट्राने तर ठशांबरोबर चेहरा आणि डोळ्यांची बुबुळे जुळवणारी 'अॅम्बिस' प्रणाली त्याहीपूर्वी स्वीकारली होती.

मग सर्वच नागरिकांचे ठसे पोलिसांना का देऊ नयेत? हा प्रश्न गोव्यात अत्यंत वेदनादायक प्रसंगी उभा राहिला. जानेवारी २०१३ मध्ये वास्कोतील एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी मिळालेले ठसे कोणाचे हे कळावे म्हणून गोव्यात आधार नोंदणी केलेल्या सर्वांची बायोमेट्रिक माहिती सीबीआयने मागितली. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती देण्याचा आदेश दिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठामार्गे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१४ मध्ये, संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीविना ही माहिती कोणासही देऊ नये, असा अंतरिम आदेश निघाला. पुढे २०१६ च्या आधार कायद्याने बोटांचे ठसे व बुबुळांची माहिती अन्य कारणांसाठी वापरण्यास मनाईच केली.

त्या मुलीच्या पालकांना ही तत्त्वचर्चा काय सांगणार? त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. तरीही या प्रतिनिधीच्या मते न्यायालयाची भूमिका योग्य होती. शिधापत्रिका आणि गॅसच्या अनुदानासाठी दिलेले ठसे संशयितांच्या यादीत ओतले, तर गोव्यातील प्रत्येक माणूस गुन्ह्याच्या जागेवरील अर्धवट, पुसट ठशाशी ताडून पाहिला जाईल. लाखो ठशांत दोन-चार 'जवळपास सारखे' निघणारच. त्या दोन-चारांना आपले निरपराधित्व सिद्ध करत बसावे लागेल, आणि खऱ्या गुन्हेगाराने नोंदणीच केली नसेल तर तो सुटलेलाच.

आतून होणारी गळती हा याहून अधिक वास्तव धोका आहे. २०१३ साली राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या दूरध्वनीचा तपशील मिळवण्यासाठी दिल्ली पोलिसांतील एका सहायक आयुक्ताच्या कार्यालयीन ई-मेलचा वापर झाला आणि एका पोलीस शिपायास अटक झाली. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांच्या कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना गजाआड केले. कुलपे फोडावी लागली नव्हती. किल्ली असलेल्या माणसाने, किंवा त्याच्या खुर्चीशेजारी बसणाऱ्याने, दार उघडले होते. विरोधी पक्षनेत्याच्या बाबतीत हे उघडकीस येते. विवाहितेचा पाठलाग करणाऱ्या नवऱ्याने ओळखीच्या पोलिसाकरवी तिचा पत्ता काढला तर ते कळणार कसे? 'वाहन'मध्ये क्रमांक टाकणाऱ्याने कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी तो टाकला, हे विचारणारा रकाना सक्तीचा हवा, आणि त्या शोधांची यादी ठाण्याबाहेरच्या कोणीतरी नियमित तपासायला हवी. नागपुरात २०२४ साली स्थापन झालेल्या 'मार्व्हल' या राज्याच्या कंपनीची आणि राज्यातील सर्व ११०० ठाण्यांत नेण्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या 'महाक्राइमओएस' प्रणालीची सध्या चर्चा आहे. निरनिराळ्या नोंदी एका पडद्यावर आल्या की तपासाचा वेग वाढेल हे खरे. चुकीच्या हाती पडल्यास गळतीचाही वाढेल.

शेवटी प्रश्न उरतो नोंद पुसण्याचा. १९२० चा कैदी ओळख कायदा बोटांचे व पावलांचे ठसे आणि छायाचित्रे एवढ्यावर थांबत होता. त्याची जागा घेणारा २०२२ चा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा बुबुळे, जैविक नमुने, सही आणि हस्ताक्षरापर्यंत जातो, व राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागास हे सारे ७५ वर्षे जपण्याचा अधिकार देतो. विशीत पकडलेला तरुण पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत! ज्यास पूर्वी शिक्षा झालेली नाही आणि जो खटल्याविना सुटला वा निर्दोष ठरला, त्याच्या नोंदी सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर नष्ट कराव्यात, असे कायदा म्हणतो खरा. नियम मात्र त्यासाठी राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे विनंती करण्याची वाट दाखवतात. नाक्यावरून उचललेल्या आणि दोन वर्षांनी सुटलेल्या मजुराला ही वाट कोण सांगणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे पाहावे, तर गुन्ह्यांच्या तपासासाठी वापरलेल्या माहितीला त्यातील नागरिकांच्या बहुतेक हक्कांतून सूट आहे.

यातील विसंगती अशी की, सुटकेची माहिती शासनाकडे असतेच. पोलीस, न्यायालये, तुरुंग, अभियोग आणि न्यायसहायक प्रयोगशाळा यांना जोडणाऱ्या 'आयसीजेएस' प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये ३३७५ कोटी रुपये मंजूर झाले. आरोपीची नोंद ज्या वाहिनीने दिल्लीस जाते, तिनेच त्याच्या सुटकेचा निकालही जाऊ शकतो. अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबून पुढे नोंद आपोआप रद्द करणे आणि तसे संबंधितास कळवणे हे यंत्राला अवघड नाही. अर्ज करण्याचा भार सुटलेल्या माणसावरून काढून नोंद ठेवणाऱ्या विभागावर टाकायचा आहे. त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२२ च्या नियमांत दुरुस्ती केली तरी ते होऊ शकते.