संगीत येत नाय?

परवा शहापूरला मामेभावाच्या हळदीला गेलो होतो. बेंजो पार्टीत कीबोर्डवर नववीतला पोरगा! कुठे शिकलास? "मोबाईलवर ऐकून ऐकून." शाळेत संगीत असेल ना? "हाय, पण मला संगीत येत नाय." तिथे रागाची व्याख्या पाठ करायची असते म्हणे!

लंडनच्या ल्यूसी ग्रीन यांनी २००८ च्या पुस्तकात वेगळी पद्धत मांडली. गाणं मुलांनीच निवडायचं, मित्रांनी मिळून ऐकून बसवायचं. शिक्षकांनी आधी नुसतं बघायचं, मग अडेल तिथे मदत करायची.

आपल्या भजनी मंडळांत मोठ्यांशेजारी बसून पोरं पखवाज असाच तर उचलतात! मग शाळेला काय अडचण? व्याख्या नंतरही शिकवता येईल हो. पण "येत नाय" हे एकदा मनात बसलं, की काढणार कोण?