पहाटे रुसणारी मालमोटार



आमच्या गावाच्या चढावर एक जुनी मालमोटार उभी असते. खानापूर भागातील रताळी आणि भात बेळगावच्या बाजारात नेऊन पोहोचविणे हा तिचा नित्यक्रम, आणि पाच माणसांचे एक कुटुंब तिच्याच चाकांवर चालते. गेल्या डिसेंबरात तिने एक खोड धरली. पहाटे चार वाजता मालकाने चावी फिरवावी, सेल्फने जोरात फिरावे, आणि इंजिन मात्र जागे होऊ नये. दहा-पंधरा मिनिटांच्या झटापटीनंतर, किंवा शेजाऱ्यांना उठवून धक्का मारल्यावर, एकदाची ती सुरू व्हावयाची. मग दिवसभर तक्रार नाही. बाजारात तासभर उभी राहिली तरी पुन्हा क्षणात चालू.

एका कारागिराने झाकणही न उघडता निदान सांगितले, "डिझेल पंप गेला." खर्चाचा आकडा ऐकून मालक माझ्याकडे आले ते पैशांची काही सोय होईल का, हे विचारावयास. "फादर, पंप केला नाही तर धंदा बसतो, आणि केला तर थोरलीच्या कॉलेजची फी राहते," असे ते म्हणाले. सेमिनरीत असताना विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची देखभाल माझ्याकडे होती, त्यामुळे या जातीच्या यंत्राचे रुसवेफुगवे मला थोडेफार ठाऊक आहेत. मी म्हटले, "पैशांचे मागाहून पाहू. उद्या पहाटे मी येईपर्यंत तुम्ही चावीला हात लावू नका."

हे सांगण्याचे कारण असे. पेट्रोलच्या इंजिनात विजेची ठिणगी इंधन पेटविते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे ज्या इंजिनाची यशस्वी चाचणी दिली, त्याचे तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरातील हवा सोळा-अठरा पटींनी दाबली की ती पाचशे अंशांच्या आसपास तापते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचे बारीक तुषार नेमक्या क्षणी सोडले की ते आपोआप पेट घेतात. म्हणजे हवेचा पुरेसा दाब आणि वेळेवर येणारे शुद्ध डिझेल, इतकेच त्याला हवे. डिझेलऐवजी नळीत हवा शिरली की पंप ती हवाच दाबीत बसतो, आणि नोझल उघडत नाही. "गाडीने एअर घेतली" असे चालक म्हणतात ते हेच.

प्रथम पाहावयाचे ते सेल्फच्या गतीकडे. इंजिन संथ फिरत असेल तर इंधनाच्या वाटेला जाऊच नये. बॅटरी, तिच्या खुंट्यांवरचा पांढरा क्षार आणि चेसिसला जोडलेली अर्थची तार तपासावी. बारा व्होल्टची बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर दोष बहुधा तिचा किंवा सेल्फचा. आमच्या गाडीचा सेल्फ जोमदार होता.

त्यानंतर धुराकडे पाहावे. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचते पण पेटत नाही: इंजिन थंड आहे, दाब कमी पडतो किंवा डिझेलमध्ये पाणी आहे. काळा धूर आला तर हवेचा फिल्टर तुंबला असण्याचा संभव. मुळीच धूर नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. आमच्या गाडीच्या धुराड्यातून धुराची रेषाही निघत नव्हती. रोज पहाटे हे घडत होते, आणि महिनाभर कोणी तिकडे पाहिले नव्हते!

मालकांनी शब्द पाळला होता. मी फीड पंपावरचा छोटा हातपंप हाताने दाबावयास सांगितले. नळ्या डिझेलने भरलेल्या असतील तर तो दोन-तीन दाबांत कडक लागतो. येथे तो पंचवीस-तीस वेळा पोकळ गेला, मग कुठे घट्ट झाला. फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करताच साबणासारखा फेस आला. फेस संपून अखंड धार लागेपर्यंत हातपंप मारला, धार चालू असतानाच स्क्रू आवळला, आणि चावी फिरवताच इंजिन पहिल्याच झटक्यात बोलू लागले. निकामी झालेला पंप असा बोलत नाही. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरत होते, आणि गाडी चढाकडे तोंड करून उभी असल्याने ते आणखी सहज घडत होते.

आता हवा शिरते कोठून? येथेच बहुतेक जण चकतात, कारण ते ओल शोधतात. फीड पंपाच्या पुढची वाट दाबाची. तेथे फट असेल तर डिझेल बाहेर पाझरते आणि धूळ बसून काळा डाग दिसतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट मात्र ओढीची. तेथील फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवाच आत ओढली जाते. वरून सारे कोरडे आणि स्वच्छ! म्हणून एक साधी युक्ती करावी. स्वच्छ डिझेलचा डबा उंच ठेवून नव्या नळीने थेट फीड पंपाला जोडावा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी ती चटकन सुरू झाली, तर दोष टाकी आणि पंप यांच्या दरम्यान आहे, हे ठरले. आमचे तसेच ठरले.

शोधाअंती दोन अपराधी सापडले. एक रबरी नळी क्लिपखाली कडक होऊन चिरली होती. दुसरा अपराधी तांब्याचे वॉशर. नळी ज्या पोकळ बोल्टने बसवितात, त्याच्या दोन्ही अंगांस ते असतात. एकदा आवळलेले तांबे कठीण होते आणि पुन्हा नीट बसत नाही. तरी आमच्याकडे तेच वॉशर वर्षानुवर्षे परत घालण्याची चाल आहे. दोन नळ्या, सहा वॉशर आणि एक फिल्टर एवढ्यावर काम भागले. त्या कारागिराला मी लबाड म्हणणार नाही. घाई मात्र त्याने केली, आणि घाईचा भुर्दंड दुसऱ्याच्या खिशाला पडणार होता.

सर्वच गाड्यांचे दुखणे एक नसते. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होत असेल, तर टाकीतील ओढनळीला वरच्या अंगास भोक पडले असेल. गाडी चालता चालता बंद पडून थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. 'फुस्स' आवाज आला तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. थंड असताना ठीक पण तापल्यावर सुरू होत नसेल, तर मात्र पंपावर संशय घ्यावा: तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या प्लंजरच्या कडेने निसटते. पंपावर ओले फडके ठेवून तो हळूहळू निववावा. तेवढ्याने गाडी सुरू झाली, तर कारागिराचे म्हणणे खरे मानावे. तापलेल्या पंपावर थंड पाणी मात्र ओतू नये. तो जाम होईल. फिल्टरच्या तळाचे पाणी नियमाने काढावे, आणि थंडीत टाकी रात्री रिकामी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होते.

तीन गोष्टी कळकळीने सांगतो. हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी सुरू करू नका. त्या स्फोटाने पिस्टन आणि रिंगा फुटतात, कधी चेहराही भाजतो. टाकीखाली किंवा इंजिनाखाली शेकोटी तर नकोच. आणि इंजिन फिरत असताना नोझलच्या नळीतील गळती बोटाने चाचपू नका. ती धार दोनशे बार किंवा त्याहून अधिक दाबाची असते व कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, वेदनाही प्रथम थोडी असते, पण आतले मांस मरू लागते. असे झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावे आणि "डिझेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगावे.

आमची मालमोटार आता पहाटे चारला एका फेऱ्यात उठते. पहिली दोन मिनिटे थोडा पांढरा धूर येतो. मला वाटते, एखादे नोझल तुषाराऐवजी थेंब सोडीत असावे. रताळ्यांचा हंगाम उरकला की नोझल काढून तपासून घेण्याचे मालकांनी ठरविले आहे. थोरलीची फी त्याआधीच भरली गेली.