पाटी हवी, कुलूप नको

पुस्तकांच्या दुकानात शिरलेला डोळस वाचक पुस्तक विकत घेण्यापूर्वीच त्याची अर्धी परीक्षा करून मोकळा होतो. मुखपृष्ठ, मलपृष्ठावरील मजकूर आणि आतल्या चार पानांवरून फिरलेली नजर त्याला पुरते. दृष्टिहीन वाचकापाशी यातले काहीच नसते. सुगम्य डिजिटल ग्रंथालयात त्याच्या वाट्याला शीर्षक, लेखकाचे नाव आणि चार ओळींचे वर्णन येते. ते वर्णन हेच त्याचे मुखपृष्ठ. त्यात प्रौढ मजकुराची सूचनाच नसेल, तर पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या संगणकातून भर दिवाणखान्यात, आजी-आजोबांसमक्ष काय ऐकू येईल, याचे उत्तर कोणी द्यायचे?

अशी सूचना मागितली की तथाकथित उदारमतवाद्यांना लगेच सेन्सॉरशिपचा वास येतो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९५१ मध्ये पुस्तकांवर शिक्के मारण्याविरुद्ध निवेदन काढले, त्याचा दाखला दिला जातो. परंतु ते निवेदन निघाले, ते पुस्तकांवर साम्यवादी असल्याचे शिक्के मारण्याच्या मागणीविरुद्ध. एखाद्या विचारावर दोषारोप करणे वेगळे आणि पुस्तकात हिंसेची वा शरीरसंबंधांची वर्णने आहेत, ही वस्तुस्थिती सांगणे वेगळे. त्याच अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसची अंधांसाठीची राष्ट्रीय ग्रंथसेवा आपल्या पुस्तकांच्या वर्णनाअखेर शिवराळ भाषा, हिंसा, लैंगिक वर्णने यांची नोंद करते. त्या नोंदीमुळे कोणाचे पुस्तक हिरावले जात नाही.

हिरावून घेण्याचा प्रयत्न तेथे झाला, तो निराळ्या मार्गाने. १९८५ मध्ये अमेरिकी संसदेने ‘प्लेबॉय’ मासिकाच्या ब्रेल आवृत्तीच्या खर्चाएवढा निधी कापला. अंधांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्या मासिकाविषयी सुसंस्कृत घराला ममत्व असण्याचे कारण नाही. तथापि जे डोळस प्रौढाला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, ते केवळ दृष्टी नाही म्हणून अंध प्रौढाला नाकारणे हे संस्काराचे रक्षण नव्हे. तो त्या माणसाला आयुष्यभर अज्ञान बालक ठरविण्याचा प्रकार आहे.

दुसरा दोष आळसाचा. सर्वांवर ‘प्रौढांसाठी’ हा एकच शब्द चिकटवला की काम संपले, असे मानले जाते. मग फाळणीतील अत्याचारांच्या साक्षी, किशोरवयीनांना शरीरशास्त्र समजावणारे पुस्तक आणि निव्वळ चाळवण्यासाठी लिहिलेली कादंबरी एकाच पंक्तीला बसतात. अशा सूचनेने पालक फसतो आणि विद्यार्थी अभ्यासाच्या पुस्तकालाही मुकतो.

भारताची या क्षेत्रातील कामगिरी अभिमानास्पद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात सुगम्य प्रतींना मोकळीक मिळाली. २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी अनुमोदन देणारा देश भारतच. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय उभे राहिले. पुस्तक हाती येण्याचा हक्क मिळाला. आता ते कसे आहे हे आधी कळण्याचा हक्क हवा. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरील मालिकांना वयोगट आणि आशयाचे स्वरूप, दोन्ही सांगणे बंधनकारक आहे. पाहणाऱ्याला जे दिले, ते ऐकणाऱ्याला का नको?

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. पुस्तक स्कॅन करून त्याचे मुद्रितशोधन करणारा किंवा ते ध्वनिमुद्रित करणारा कार्यकर्ता ते पानन् पान वाचतोच. काय आहे, किती आहे आणि कथानकाच्या ओघात आहे की त्यासाठीच पुस्तक आहे, एवढे त्याने दोन वाक्यांत लिहावे. भल्याबुऱ्याचा निवाडा त्याने करू नये. तो प्रौढ वाचकाने स्वतः करावा आणि अल्पवयीनाच्या बाबतीत आईवडिलांनी.

महाराष्ट्रातही अनेक घरांतील माणसे अंध विद्यार्थ्यांसाठी निष्ठेने वाचनसेवा करतात. त्यांनी पुढचे पुस्तक पूर्ण करताना ही दोन वाक्ये जोडावीत. ग्रंथालयांनी वर्णनाच्या नमुन्यात त्यांसाठी जागा ठेवावी आणि ती कोरी सोडलेले पुस्तक स्वीकारू नये.